कलर लॅब, कृष्णधवल रोल आणि वर्ध्याचे ऊन

सेवाग्रामच्या बापूकुटीत भर दुपारीही उजेड बेताचाच असतो. जाड मातीच्या भिंती, खाली उतरलेले कवेलूचे छप्पर, लहान खिडक्या. वर्ध्याच्या उन्हाळ्यात माणसाला गारवा मिळावा म्हणून केलेली ही रचना छायाचित्रकाराची मात्र परीक्षा पाहते. अशा जागी गांधीजींचे फोटो काढायचे काम कनू गांधींनी पत्करले. गांधीजींचे पुतणे नारणदास यांचे हे चिरंजीव तेव्हा ऐन विशीत होते. विनोबांचे बंधू शिवाजी भावे यांनी त्यांना छायाचित्रणाकडे वळवले आणि घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा व रोल आला. गांधीजींनी तीन अटी घातल्या : फ्लॅश वापरायचा नाही, मी फोटोसाठी बसणार नाही आणि आश्रम या छंदाचा खर्च करणार नाही. या अटींकडे आपण गांधीजींच्या स्वभावाचा नमुना म्हणून पाहतो, पण फोटोग्राफीच्या हिशेबाने त्या फिल्मच्या निवडीच्याच अटी होत्या. फ्लॅश नाही म्हणजे जास्तीत जास्त वेगवान रोल हवा. फोटोसाठी थांबणार नाहीत म्हणजे शटर फार वेळ उघडे ठेवता येणार नाही. आणि पैसे नाहीत म्हणजे एका रोलवरच्या बारा फोटोंपैकी एकही वाया जाऊ द्यायचा नाही. त्या काळच्या बहुतेक रोलची गती आजच्या मापाने शंभरच्या आसपास किंवा त्याहून कमी असे. कनू गांधींच्या फोटोंत कडा हललेल्या दिसतात, दाणे दिसतात, कोपरे काळोखात जातात, ते यामुळेच. सेवाग्राममध्ये टेलिफोनवर बोलणारे गांधीजी, कुष्ठरोगाचे जंतू पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकावर वाकलेले गांधीजी, या प्रतिमा आज सगळ्या जगाच्या ओळखीच्या आहेत. दिल्लीच्या नझर फाउंडेशनने २०१५ मध्ये कनू गांधींच्या छायाचित्रांचे पुस्तक काढले, तेव्हा त्यांतल्या कित्येक प्रतिमांनी पंचाहत्तरी गाठली होती.

हा इतिहास आत्ता आठवण्याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. गेल्या काही वर्षांत फिल्मकडे नव्याने वळलेल्या तरुणांना एक प्रश्न हमखास पडतो : कृष्णधवल फोटो काढायचे आहेत, पण धुण्याची सोय कलर लॅबमध्येच आहे, तर कोणता रोल घ्यावा? या प्रश्नाला तयार उत्तर आहे. कलर लॅबच्या रसायनात धुता येईल अशी खास कृष्णधवल फिल्म मिळते, ती घ्या. उत्तर चूक नाही. पण ते सोयीपुरते उत्तर आहे, आणि वर्ध्यासारख्या जिल्ह्यात, जिथे उन्हाळा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि निगेटिव्ह थंड कपाटात जपणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, तिथे फक्त सोय पाहून चालत नाही. माझे म्हणणे असे, की अशा ठिकाणी फिल्म निवडताना दोनच गोष्टी निर्णायक मानाव्यात : प्रतिमा कशाची बनलेली आहे, आणि ती घडवण्याची प्रक्रिया कोणाच्या हातात आहे. या दोन्ही कसोट्यांवर चांदीची जुनी फिल्म कलर लॅबच्या कृष्णधवल फिल्मपेक्षा सरस ठरते. हे पटण्यासाठी आधी रोल धुताना नेमके काय होते ते पाहावे लागेल.

साध्या कृष्णधवल फिल्मवर चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण जिलेटिनमध्ये बसवलेले असतात. उजेड लागलेल्या कणांची डेव्हलपरमध्ये शुद्ध, काळी चांदी होते. हायपो, म्हणजे फिक्सर, उरलेले क्षार विरघळवून टाकतो. मागे राहते ती धातूची प्रतिमा. कलर फिल्ममध्येही सुरुवात चांदीनेच होते, पण तिथला डेव्हलपर आपले काम करताना ऑक्सिडाइझ होतो आणि फिल्मच्या थरात आधीच पेरलेल्या द्रव्यांशी जोडला जाऊन रंग तयार करतो. ही कल्पना रुडॉल्फ फिशर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९१२ च्या सुमारास मांडली होती. रंग तयार झाला की चांदीचे काम संपते. लोहयुक्त ब्लीच तिचे पुन्हा क्षार करतो आणि पुढच्या बाथमध्ये ते धुऊन जातात. कलर निगेटिव्हवर म्हणून चांदीचा कणही उरत नाही, उरतात ते फक्त रंग. कलर लॅबसाठीची कृष्णधवल फिल्म याच तत्त्वावर चालते, तिच्यात तयार होणारे रंग मिळून काळी-करडी छटा देतात एवढाच फरक. आता साधा चांदीचा रोल कोणी चुकून कलर लॅबच्या मशीनमध्ये घातला तर काय होईल? डेव्हलपर प्रतिमा उमटवेल, पण रंग तयार करणारी द्रव्ये त्या फिल्ममध्ये नसल्याने रंग होणार नाही, आणि ब्लीच व फिक्सर मिळून सगळी चांदी काढून घेतील. रोल बाहेर येईल तो काचेसारखा स्वच्छ. छत्तीसच्या छत्तीस फोटो गेलेले, आणि ते परत मिळवण्याचा कोणताही उपाय नाही. कलर लॅबच्या काउंटरवर कृष्णधवल रोल देणाऱ्याने डबीवर ‘सी-४१’ हे कलर लॅबच्या प्रक्रियेचे नाव लिहिले आहे की नाही, हे आधी पाहायचे ते यासाठी.

या दोन प्रक्रियांत तापमानाचाही मोठा फरक आहे, आणि विदर्भाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा. कृष्णधवल रोल धुण्याची सगळी कोष्टके वीस अंश सेल्सिअसवर बांधलेली आहेत. ही कोष्टके युरोप-अमेरिकेतल्या हवेत जन्माला आली. वर्ध्यात मे महिन्यात टाकीचे पाणी सहज पस्तीस अंशांच्या वर जाते. अशा पाण्यात डेव्हलपर झपाट्याने काम करतो, जिलेटिन फुगते, मऊ पडते, कडेने सुटू लागते. गरम बाथमधून एकदम गार पाण्यात रोल टाकला तर जिलेटिनवर बारीक सुरकुत्यांचे जाळे पडते आणि ते कायमचे राहते. उष्ण देशांसाठी कोडॅकसारख्या कंपन्यांनी वेगळे डेव्हलपर दिले, त्यांत सोडियम सल्फेट घालून जिलेटिनचे फुगणे रोखायची युक्ती होती. क्रोम अ‍ॅलमचा, म्हणजे एका प्रकारच्या तुरटीचा, बाथ देऊन थर कडक करत. रात्री उशिरा काम करणे, रसायनांची भांडी बर्फात ठेवणे, गरम असेल तर डेव्हलपरमधला वेळ कमी करणे, हे शहाणपण प्रत्येक डार्करूमला आपापल्या गावच्या पाण्यावरून शिकावे लागे. सी-४१ प्रक्रियेचे तापमान याउलट ३७.८ अंश. वर्ध्याच्या उन्हाळ्यातल्या पाण्याला ते जवळचे, म्हणून कलर प्रक्रिया इथल्या हवेला जास्त मानवणारी, असे कोणाला वाटेल. पण त्या ३७.८ मध्ये पाव अंशाचाही फरक चालत नाही, सव्वातीन मिनिटांच्या डेव्हलपिंगमध्ये तो सतत तेवढाच राहावा लागतो. तीन थरांतले रंग समतोल यायचे तर दुसरा मार्ग नाही. हे काम थर्मोस्टॅट, पंप आणि अखंड वीज असलेल्या मशीनचे. चांदीची प्रक्रिया हवामानाशी जुळवून घेते, वेळ कमी-जास्त केला की भागते. कलर प्रक्रिया हवामानालाच दाराबाहेर ठेवायला सांगते.

स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत जिल्ह्याच्या गावातल्या स्टुडिओला फिल्म निवडण्याची मुभा तशी फार नव्हती. परकीय चलनाची टंचाई, आयातीवरचे परवाने आणि जबर कर यांमुळे दुकानात जो रोल येईल तोच आपला. सरकारने १९६० मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली, उदकमंडलमला फ्रेंच सहकार्याने कारखाना उभा राहिला आणि १९६७ पासून तिथून माल निघू लागला. ‘इंदू’ या नावाचे कृष्णधवल रोल, ब्रोमाइड पेपर आणि एक्स-रे फिल्म देशभर पोहोचल्या. पूर्व जर्मनीशी रुपयांत व्यापार चालत असल्याने ओर्वोचे रोल मिळत. बडोद्यात बनणारा आग्फाचा क्लिक-थ्री कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत आला, आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या गळ्यात याशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा आला. शाळांचे वर्गफोटो, सरकारी अर्जांवरचे फोटो, लग्ने, सत्कार, जिनिंगच्या आवारातले कामगार, विनोबांच्या पवनारच्या आश्रमातल्या सभा असे त्या काळाचे जे काही दृश्य दप्तर शिल्लक आहे, ते याच रोलवर आहे. एकशेवीसच्या रोलवरच्या सहा सेंटिमीटर चौरस निगेटिव्हची थेट तेवढीच प्रिंट काढली तरी चेहरे ओळखू येतात. या कामाचे अर्थशास्त्र महत्त्वाचे. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडियम सल्फाइट, सोडियम कार्बोनेट आणि हायपो एवढी पुडकी, दोन-तीन डिश, लाल दिवा आणि अंधार करता येईल अशी मोरी, इतक्यावर तालुक्याच्या गावात हा धंदा चाले. रोल काढणारा, धुणारा, पेन्सिलीने निगेटिव्ह रिटच करणारा आणि कॉपी काढणारा पुष्कळदा एकच माणूस असे. कौशल्य त्याच्याच हातात होते, आणि निगेटिव्हचा डबाही त्याच्याच कपाटात.

कलर लॅबने ही साखळी तोडली. कोडॅकने सी-४१ प्रक्रिया १९७२ मध्ये आणली आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या नोरित्सु कंपनीने दुकानात मावेल असे धुण्या-छापण्याचे यंत्र बाजारात उतरवले. भारतात १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरदर्शन आले, रंगाची ओढ वाढली, आयात हळूहळू सैल झाली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कोनिका, कोडॅक, फुजी यांच्या पाट्या लावलेल्या लॅब महानगरांतून जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचल्या. जिथे लॅब नव्हती तिथले रोल एसटीने किंवा रेल्वेने मोठ्या गावी जाऊ लागले. मशीनचा धंदा खपावर चालतो. टाकीतली रसायने रोज रोल पडले तरच ताजी राहतात, नाहीतर बिघडतात. अशा ठिकाणी कृष्णधवल रोलसाठी वेगळी टाकी, वेगळा पेपर, वेगळा माणूस ठेवणे कोणाला परवडणार? थोड्याच वर्षांत उलट गणित झाले. कृष्णधवल प्रिंट रंगीत प्रिंटपेक्षा महाग आणि उशिरा मिळणारी वस्तू झाली. लोकांनी कृष्णधवल टाकून दिले असे सर्रास म्हटले जाते, ते अर्धेच खरे. लग्नातला हिरवा चुडा आणि पिवळी हळद रंगात दिसावी ही इच्छा अगदी रास्त होती, तिला नाके मुरडणे हा शहरी कलावंतांचा अहंकार झाला. पण ज्यांना कृष्णधवलच हवे होते त्यांचाही पर्याय मशीनने काढून घेतला, हेही खरे.

या पेचावर फिल्म कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे कलर लॅबमध्ये धुतली जाणारी कृष्णधवल फिल्म. आग्फाची व्हॅरिओ-एक्सएल आणि इंग्लंडच्या इल्फर्डची एक्सपी-वन १९८० च्या सुमारास आल्या. इल्फर्डने १९९१ मध्ये एक्सपी-टू आणि १९९८ मध्ये एक्सपी-टू सुपर काढली. कोडॅकने नव्वदच्या दशकात टी-४०० सीएन आणि २००४ मध्ये बीडब्ल्यू-४०० सीएन आणली. कोनिकाचीही एक होती. वरवर एकाच जातीच्या या फिल्म आतून दोन वेगळ्या विचारांच्या होत्या, आणि निवडीचा खरा मुद्दा इथे आहे. कोडॅकच्या फिल्मला कलर निगेटिव्हसारखी नारिंगी झाक दिलेली होती. कलर पेपर ही झाक गृहीत धरूनच बनवलेला असतो, त्यामुळे लॅबमधला माणूस फारशी खटपट न करता बऱ्यापैकी तटस्थ काळी-पांढरी प्रिंट काढू शके. इल्फर्डच्या फिल्मला अशी झाक नव्हती. तिची प्रिंट कलर पेपरवर काढली की कधी हिरवट, कधी जांभळट, कधी तपकिरी यायची, आणि दोष फिल्मवर ढकलला जायचा. पण तीच निगेटिव्ह डार्करूममध्ये एन्लार्जरला लावून खऱ्या ब्रोमाइड पेपरवर छापली तर सुरेख प्रिंट मिळे, कारण नारिंगी झाक कृष्णधवल पेपरला पोहोचणारा उजेडच अडवते आणि इल्फर्डमध्ये ती अडचण नव्हती. म्हणजे कोडॅकची फिल्म शेवटपर्यंत लॅबमध्येच राहणाऱ्यासाठी, तर इल्फर्डची फक्त धुण्यापुरते लॅबमध्ये जाऊन पुढे स्वतः छापणाऱ्यासाठी. कोडॅकने आपली फिल्म २०१४ मध्ये बंद केली, त्यामुळे आज हा वाद मिटला आहे. कलर लॅबमध्येच रोल द्यायचा तर नाव घेण्याजोगी फिल्म एक्सपी-टू सुपर हीच उरली आहे.

या फिल्मचे गुण मी कमी लेखत नाही. चारशे गतीची ही फिल्म एकाच रोलवर पन्नासपासून आठशेपर्यंत कोणत्याही गतीने वापरली तरी धुण्यात काही बदल करावा लागत नाही. विदर्भातल्या फोटोग्राफरला याची किंमत कळेल. बाहेर कापसाच्या वावरात डोळे दिपवणारे ऊन आणि आत घराच्या ओसरीवर गडद सावली, हे दोन्ही एकाच रोलवर नीट उतरते. जास्त उजेड मिळाला की साध्या फिल्मचे दाणे वाढतात, हिच्यात उलट रंगाचे ढग एकमेकांत मिसळून प्रतिमा आणखी मऊ होते. स्कॅनिंगमध्ये तर तिचा मोठाच फायदा आहे. धूळ आणि ओरखडे आपोआप काढणारे स्कॅनर अवरक्त किरणांनी निगेटिव्ह तपासतात. रंगांतून ते किरण आरपार जातात, चांदी मात्र त्यांना अडवते, त्यामुळे चांदीच्या निगेटिव्हवर ही सोय चालत नाही. बापूकुटीसारख्या जागी एक्सपी-टूने कनू गांधींचे कितीतरी श्रम वाचवले असते, हे मान्यच करायला हवे. तरीही माझा कौल चांदीकडे का झुकतो?

कारण वर्ध्याच्याच मातीतल्या एका विचारात आहे. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ च्या डिसेंबरमध्ये स्थापन झाला, त्याचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. कुमारप्पांनी तुरुंगात लिहिलेले टिकाऊपणाच्या अर्थशास्त्रावरचे पुस्तक १९४५ मध्ये आले. निसर्गातली काही साधने वापरली की संपतात, काही चक्राकार फिरत राहतात, आणि माणसाने आपले जगणे दुसऱ्या प्रकारच्या साधनांवर उभारावे, हा त्यांचा गाभा. त्यांनी फिल्मचा विचार केला नव्हता, पण टिकाऊपणा हे मूल्य धरून वस्तू तोलायची त्यांची रीत इथे कामी येते. चांदी धातू आहे. नीट फिक्स करून नीट धुतलेली चांदीची प्रतिमा शंभर वर्षांहून अधिक टिकते, याचा पुरावा जगभरच्या संग्रहालयांत पडलेला आहे. रंग हे सेंद्रिय रेणू, ते अंधारातही हळूहळू तुटत जातात, आणि उष्णता-दमट हवा हा वेग वाढवते. रासायनिक क्रियेचा वेग दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम लावला तरी थंड हवेच्या गावी जे रंग पन्नास वर्षे पुरतील ते वर्ध्यात पत्र्याच्या माळ्यावर किती पुरतील, याचा अंदाज करता येतो. नवे रंग पूर्वीपेक्षा पुष्कळ टिकाऊ झालेत हे खरे. पण सिनेमाच्या धंद्याने काय केले ते पाहावे. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी आपले मोलाचे रंगीत चित्रपट जपायचे ठरवले तेव्हा त्यांचे तीन रंग वेगळे करून तीन कृष्णधवल चांदीच्या निगेटिव्हवर उतरवून ठेवले. रंगाच्या धंद्यात जन्म गेलेल्यांनीही रंगाची राखण चांदीकडेच सोपवली, यापेक्षा बोलकी साक्ष दुसरी नाही.

यावर एक जोरकस आक्षेप येतो, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. चांदीचा टिकाऊपणा प्रयोगशाळेतला, जिल्ह्याच्या स्टुडिओतला नाही, असे जाणकार म्हणतात. वापरून दमलेला हायपो, घाईची धुलाई, उन्हाळ्यातली पाणीटंचाई, आणि मग वीस वर्षांत पिवळे डाग पडलेल्या निगेटिव्ह. शिवाय फिल्मचा तळही अमर नाही. नायट्रेटच्या जागी आलेला अ‍ॅसिटेटचा तळ उष्ण दमट हवेत सडतो, व्हिनेगरसारखा वास मारतो, आकसतो. या रोगाची पहिली तक्रार कोडॅककडे गेली ती भारत सरकारकडूनच, इथल्या हवेत साठवलेल्या फिल्मबद्दल. हे सगळे खरे आहे. पण अ‍ॅसिटेटचा रोग दोन्ही फिल्मना सारखाच, एक्सपी-टूचाही तळ अ‍ॅसिटेटचाच आहे. त्याच्या जोरावर रंग चांदीपेक्षा सरस ठरत नाहीत. धुलाईच्या चुकीबद्दल सांगायचे तर ती चूक बहुधा दुरुस्त होते. हायपो राहिलेली निगेटिव्ह वेळीच पुन्हा फिक्स करून पुन्हा धुता येते, तुटलेला रंगाचा रेणू मात्र कोणी जोडू शकत नाही. पाण्याचे कारणही पुरते टिकत नाही. इल्फर्डनेच सांगितलेली रीत अशी : टाकी पाण्याने भरून पाच वेळा उलटसुलट करावी, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तीन वेळा भरलेल्या टाकीत, म्हणजे फार तर दोन लिटर पाण्यात, रोल वर्षानुवर्षे टिकेल इतका स्वच्छ होतो. टँकरच्या गावातही एवढे पाणी निघते.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा. रॉचेस्टर, मोबर्ली किंवा उदकमंडलमच्या कारखान्यातून आलेल्या रोलला ग्रामोद्योगाची फूटपट्टी लावणे म्हणजे ओढाताण, असे कोणी म्हणेल. कुमारप्पांच्या मगनवाडीत फिल्म बनत नव्हती, हे उघडच आहे. पण गांधीजींनीही यंत्र सरसकट नाकारले नव्हते. सिंगरच्या शिवणयंत्राला त्यांनी १९२४ मध्येच अपवाद मानले होते, आणि आश्रमात रोलायफ्लेक्स फिरू दिला होता. त्यांचा प्रश्न यंत्र माणसाच्या हातात राहते की माणूस यंत्राच्या, हा होता. या प्रश्नाचे उत्तर फिल्मच्या बाबतीत इतिहासानेच दिले. इल्फर्डची मूळ ब्रिटिश कंपनी २००४ मध्ये कर्जात बुडाली, आग्फाफोटो २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली, कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये फोटोचा धंदा सोडायची घोषणा केली, कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला. इल्फर्डची फिल्म हारमन या नव्या कंपनीने हाती घेऊन चालू ठेवली. डिजिटल आल्यावर कलर लॅबमधल्या फिल्म धुण्याच्या मशीन धूळ खात पडल्या, मग भंगारात गेल्या. आज सी-४१ धुणारी दुकाने देशात मोजकी आहेत, तीही बहुतेक महानगरांत. वर्ध्याच्या माणसाने एक्सपी-टूचा रोल काढला तर तो कुरियरने दूरच्या शहरात पाठवावा लागतो. ज्या फिल्मची सगळी बढाई ‘कुठेही धुऊन मिळते’ ही होती, तिची ती एकमेव सोयच गेली. चांदीच्या रोलला मात्र आजही एक छोटी टाकी, डेव्हलपर, फिक्सर आणि अंधारी खोली पुरते. सोय म्हणून जे निवडले ते परावलंबन निघाले. या हिशेबात एक्सपी-टूच्या बाजूने एक गोष्ट नोंदवली पाहिजे, की ती गरज पडल्यास साध्या कृष्णधवल डेव्हलपरमध्येही धुता येते. गुणवत्ता थोडी उतरते, पण प्रतिमा येते, आणि अशी धुतली की तीही चांदीचीच असते.

म्हणून आज कोणी विचारले तर उत्तर असे द्यावे. फोटो स्कॅन करून लगेच वापरायचे आहेत, उजेड बेभरवशाचा आहे, धुण्याची भरवशाची लॅब हाताशी आहे, तर एक्सपी-टू सुपर खुशाल घ्यावी, आणि स्कॅन करून निगेटिव्हही सांभाळून ठेवावी. पण गावाची, घराची, चळवळीची नोंद करायची असेल, पन्नास वर्षांनी कोणी ती पाहावी अशी इच्छा असेल, तर साधा चांदीचा रोल घ्यावा आणि तो स्वतः धुवायला शिकावे. उन्हाळ्यात माठातले पाणी वापरावे, तापमान मोजावे, हायपो ताजा ठेवावा, धुण्यात कुचराई करू नये.

आणि वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी इथे ज्यांच्या घरी जुन्या स्टुडिओच्या निगेटिव्ह पडून आहेत त्यांना कळकळीची विनंती. चांदी काढण्यासाठी जुन्या फिल्म विकत घेणारे असतात, त्यांना त्या देऊ नका. आपल्याकडच्या मूकपटांची कितीतरी रिळे अशीच चांदीसाठी धुतली गेली. निगेटिव्ह पत्र्याच्या माळ्यावरून खाली आणा, घरातल्या सर्वांत गार आणि कोरड्या खोलीत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून साध्या कागदी पाकिटात घाला, आणि पाकिटावर गाव, साल, माणसांची नावे पेन्सिलीने लिहा. व्हिनेगरचा वास येत असेल तर त्या बाकीच्यांपासून वेगळ्या करून आधी त्यांच्याच नकला करून घ्या. गावातल्या वाचनालयाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला त्या एकदा दाखवा. नावे सांगू शकणारी पिढी अजून हयात आहे, तोवर हे काम उरकले पाहिजे.